अंडाशयाचा कॅन्सर समजून घेताना



मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मूळची सांगलीची, लग्नानंतर दिल्लीची. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे गेली अनेक वर्षं आमचा मुक्काम सरोजिनी नगरमध्ये आहे. दिल्लीला येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला हे नाव ठाऊक असतं, कारण त्याला इथल्या मार्केटमध्ये स्वस्तात कपडे घ्यायचे असतात. पण या मार्केटच्या मागे सरकारी क्वार्टरची मोठी वस्ती आहे, आणि त्यात आपली मराठी घरंही आहेत. हळदीकुंकवाला, गणपतीला आम्ही एकत्र जमतो. तिथे वाण घेता घेता बायका मला हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, "डॉक्टर, एक विचारू का?" आजचं बोलणं म्हणजे अशा बऱ्याच प्रश्नांचं एकत्र उत्तर आहे.

विषय आहे ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर. घाबरून व्हिडिओ बंद करू नका. मी घाबरवणार नाही, आणि खोटा धीरही देणार नाही.

आधी एक गोंधळ दूर करते. आपल्याकडे बायका पोटातल्या सगळ्याच अवयवांना मिळून "पिशवी" म्हणतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात, साधारण बदामाच्या आकाराची, पण बदामापेक्षा जरा मोठी. अंडाशयापासून गर्भाशयापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्या असतात, त्या फेलोपियन ट्यूब. गर्भाशयाचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, हा आणखी वेगळा भाग. या प्रत्येक जागचा कॅन्सर वेगळा, त्याची कारणं वेगळी, तपासणीही वेगळी.

हे सांगायचं कारण असं, की मला दर महिन्याला दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "माझी पॅप टेस्ट नॉर्मल आली आहे, मग मला काळजी नाही." पॅप टेस्ट फक्त गर्भाशयाच्या तोंडाची असते. अंडाशयाबद्दल ती काहीही सांगत नाही. एचपीव्हीची लसही तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे. जरूर घ्या, मुलींना द्या, पण तिचा अंडाशयाशी संबंध नाही. दुसरं वाक्य, "माझी पिशवी काढली आहे, आता कसला कॅन्सर?" पिशवी काढताना अंडाशयं काढली होती का, हे ऑपरेशनच्या कागदात लिहिलेलं असतं. कित्येकींना ते माहीतच नसतं. घरी गेल्यावर ती फाइल शोधा. डिस्चार्ज कार्डवर काय काय काढलं ते वाचा, समजलं नाही तर कुणाकडून वाचून घ्या.

आता आकडे, पण मोजकेच. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना हा आजार होतो आणि दोन लाखांहून अधिक जणी त्याने जातात. भारतात वर्षाला सुमारे 47 हजार नवे रुग्ण आणि सुमारे 33 हजार मृत्यू. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांच्यानंतर याचा नंबर लागतो. म्हणजे हा आजार फार सर्रास नाही, पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणी वाचत नाहीत. असं का होतं?

कारण त्याची जागा. स्तनातली गाठ हाताला लागते. गर्भाशयमुख डॉक्टरला डोळ्यांनी दिसतं. अंडाशय ओटीपोटात खोल असतं, आणि त्याच्याभोवती मोकळी पोकळी असते. तिथे गाठ वाढली तरी कशावर दाब पडत नाही, म्हणून दुखत नाही. शिवाय कॅन्सरच्या पेशी सुटून त्या पोकळीत पडतात आणि आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर, आतड्यांपुढे असणाऱ्या चरबीच्या पडद्यावर रुजतात. मग पोटात पाणी साठायला लागतं. अंडाशयापुरता असतो तोवर पहिला टप्पा, ओटीपोटात पसरला की दुसरा, वरच्या पोटात किंवा लसिकाग्रंथींमध्ये गेला की तिसरा, छातीतल्या पाण्यात किंवा यकृताच्या आत पोचला की चौथा. अमेरिकेतली आकडेवारी असं सांगते, की अंडाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या 90 च्या आसपास स्त्रिया हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर 30 च्या आसपास. आणि लवकर सापडणाऱ्या असतात पाचातली जेमतेम एक.

गेल्या काही वर्षांत एक महत्त्वाची गोष्ट कळली आहे. या कॅन्सरचा जो सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत आक्रमक प्रकार आहे, तो पुष्कळ वेळा अंडाशयात सुरू होतच नाही. तो नळीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर येतो. म्हणून हल्ली मूल नको असलेल्या स्त्रीचं दुसऱ्या काही कारणाने पोटाचं ऑपरेशन होणार असेल, तर त्याच वेळी नळ्या काढून टाकाव्यात का, याचा विचार केला जातो.

याला "मूक मारेकरी" म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. हा आजार बोलतो, पण हळू बोलतो, आणि अगदी घरातल्या भाषेत बोलतो. चार लक्षणं लक्षात ठेवा. पोट फुगणं. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं. ओटीपोटात किंवा पोटात दुखणं. आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं.

तुम्ही म्हणाल, हे तर आम्हा सगळ्यांना होतं. बरोबर आहे. उपासाची साबुदाण्याची खिचडी खाल्ली की पोट फुगतं, लग्नाचं जेवण झालं की फुगतं. म्हणून अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नीट अभ्यास केला आणि 2007 साली एक साधी फूटपट्टी दिली. ही लक्षणं नवीन असली पाहिजेत, म्हणजे वर्षाच्या आत सुरू झालेली. आणि वारंवार असली पाहिजेत, म्हणजे महिन्यात 12 पेक्षा जास्त दिवस. नवीन आणि वारंवार, हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मी माझ्या पेशंटना एक सोपी युक्ती सांगते. आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, गॅसची तारीख, पाळीची तारीख आपण त्यावरच लिहितो. पोट फुगलं त्या दिवशी एक टिंब द्या. महिन्याअखेर टिंबं मोजा. बारापेक्षा जास्त झाली तर ते पान फाडून डॉक्टरकडे घेऊन जा. "मला हल्ली बरं वाटत नाही" या वाक्यापेक्षा ते पान जास्त बोलतं.

आणखी एक खूण मी इथल्या मार्केटमुळे शिकले. मध्यंतरी एक पन्नाशीच्या बाई आल्या, वेगळ्याच तक्रारीसाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "अहो, वर्षात दोनदा कुर्त्यांचा साइज वाढवला, पण बाह्या मात्र ढगळ होतात." चेहरा उतरलेला, हात बारीक, आणि पोट मोठं. वजन वाढलं की सगळीकडे वाढतं. हात-चेहरा सुकतो आणि फक्त पोटाचा घेर वाढतो, तेव्हा ती चरबी नसते, पाणी असू शकतं. त्या बाईंची सोनोग्राफी त्याच दिवशी केली. पोटात पाणी होतं.

आता ऐका, पोटात पाणी आणि ओव्हरीवर गाठ म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. आपल्या देशात पोटाचा टीबी हुबेहूब असाच दिसतो. पाणी, गाठ, वजन घटणं, सगळं तेच. रक्तातलं सीए-125 सुद्धा वाढतं. आणि टीबी औषधांनी बरा होतो. म्हणून तुकडा किंवा पाणी तपासून पक्कं निदान झाल्याशिवाय घरात रडारड सुरू करू नका, आणि तपासणीशिवाय टीबीची औषधंही सुरू करू नका.

सीए-125 बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाजारात "लेडीज पॅकेज"मध्ये ही टेस्ट सर्रास विकली जाते. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने 1981 साली जी प्रतिपिंडं शोधली, त्यावरून हे नाव आलं. साधारण 35 च्या खाली नॉर्मल मानतात. पण पाळी चालू असताना ते वाढतं, गरोदरपणात वाढतं, फायब्रॉइडमध्ये, एन्डोमेट्रिओसिसमध्ये, टीबीत वाढतं. उलट, पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या जणींचं ते नॉर्मलच असतं.

मग काहीच त्रास नसलेल्या सगळ्या बायकांची दरवर्षी ही टेस्ट आणि सोनोग्राफी करावी का? हा प्रश्न ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर तपासला गेला. वय 50 ते 74, आणि सरासरी सोळा वर्षं पाठपुरावा. 2021 साली अंतिम निष्कर्ष आला. अशा तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, 2011 साली, तेच दिसलं. शिवाय तिथे तीन हजारांहून अधिक जणींना खोटा इशारा मिळाला, त्यातल्या हजाराहून अधिक जणींचं ऑपरेशन झालं, आणि त्यांपैकी सुमारे 15 टक्के जणींना गंभीर त्रास झाला. कॅन्सर नसताना.

म्हणून माझं सांगणं असं: त्रास नसेल आणि घराण्यात हा आजार नसेल, तर सीए-125 करत बसू नका. त्रास असेल, तर मात्र ती टेस्ट आणि योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी टाळू नका. विशेषतः पन्नाशीनंतर कुणी तुमच्या नव्याने सुरू झालेल्या पोटदुखीला "आयबीएस" म्हणालं, तर एकदा ओव्हरी बघा म्हणून आग्रह धरा. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनाही 2011 पासून हेच सांगतात, कारण आयबीएस त्या वयात सहसा पहिल्यांदा सुरू होत नाही.

भीतीचा दुसरा परिणामही आपण महाराष्ट्रात पाहिला आहे. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. आणि पुष्कळ जणींनी सांगितलं, की पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्या तक्रारीवरून "काढलं नाही तर कॅन्सर होईल" असं त्यांना सांगण्यात आलं होतं. अर्धवट माहिती अशी महागात पडते. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयावर तीन-चार सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ असणं अगदी नेहमीचं आहे. बहुतेक वेळा ती दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते. पीसीओएस म्हणजे कॅन्सर नव्हे. तुम्हाला कुणी लगेच ऑपरेशन सुचवलं, तर तीन प्रश्न विचारा. गाठ साधी आहे की आत घट्ट भाग आहे? थांबून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तर चालेल का? आणि अंडाशयं काढणार की ठेवणार, आणि का?

आणखी एक सावधगिरी. संशयास्पद, पण अजून अंडाशयापुरत्याच असलेल्या गाठीत सुई घालून पाणी काढायचं नसतं. ती फुटली तर आतल्या पेशी पोटात सांडतात, आणि पहिल्या टप्प्यातला आजारही एक पायरी वर जातो. अशी गाठ अखंड बाहेर काढतात. आजार पसरलेला असेल तर मात्र पोटातलं पाणी किंवा पसरलेल्या भागाचा तुकडा तपासणं योग्यच.

आता घराण्याविषयी. इथे मी माझ्याच घरचं सांगणार आहे. माझी थोरली आत्या 1998 साली सांगलीत ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. धाकट्या आत्याला त्रेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ती त्यातून बरी झाली. घरात सगळे म्हणायचे, "एकीचा इथला, दुसरीचा तिथला, दोन्ही वेगळे." आणि मला म्हणायचे, "तुझ्या आईकडे कुणाला नाही, तू निर्धास्त राहा."

मुळात हे दोन कॅन्सर एकाच धाग्याचे असू शकतात. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही दोन जनुकं आहेत. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यात जन्मजात दोष असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका एक टक्क्याच्या आसपास असतो. बीआरसीए-1 मध्ये दोष असेल तर तो 40 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. आणि हा दोष वडिलांकडूनही येतो. बाप स्वतः ठणठणीत असू शकतो, तरी प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो देण्याची शक्यता निम्मी असते.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध अभ्यासला, तो ही जनुकं सापडायच्या कितीतरी आधी. बीआरसीए-1 प्रत्यक्ष हाती लागलं 1994 साली.

तर माझं. धाकटी आत्या हयात होती, म्हणून आधी तिची जनुकीय तपासणी केली. आधी आजार झालेल्या व्यक्तीची तपासणी करणं हीच योग्य पद्धत. तिच्यात बीआरसीए-1 चा दोष सापडला. मग बाबांची केली, त्यांच्यातही होता. मग माझी. माझाही रिपोर्ट तोच आला. मी त्रेचाळीस वर्षांची होते, मूल झालेलं होतं. दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढून घेतली. बीआरसीए-1 असेल तर सहसा 35 ते 40 च्या दरम्यान, मुलं झाल्यावर, हे सुचवतात. ऑपरेशन दुर्बिणीचं होतं, दुसऱ्या दिवशी घरी आले. त्यानंतर एकाएकी आलेली रजोनिवृत्ती मात्र सोपी नव्हती. दिल्लीच्या जानेवारीत मी रात्री पंखा लावायची आणि यजमान दोन रजया घेऊन झोपायचे. हाडांची काळजी घ्यावी लागते, स्तनांची तपासणी चालूच ठेवावी लागते. पण थोरल्या आत्याचे शेवटचे महिने मी पाहिले होते. मला निर्णय जड गेला नाही.

जड जातं ते पुढचं. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिला सगळं सांगितलं आहे. तिने अजून टेस्ट केलेली नाही. तो निर्णय तिचा आहे, आणि तिने तो समुपदेशकाशी बोलून, तिच्या वेळेने घ्यावा असं मला वाटतं. आपल्याकडे "मुलीच्या लग्नात अडचण येईल" म्हणून घराण्यातले आजार लपवतात. माझी विनंती आहे, लपवू नका. थोरली आत्या कशाने गेली हे घरात "पोटाचं काहीतरी" म्हणून दडवलं असतं, तर आज मी हे बोलायला उरले असते की नाही, सांगता येत नाही. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा विचारा. आजी कशाने गेली, काकू कशाने गेली, वय काय होतं. दोन्ही बाजूंचं विचारा.

ज्यांना हा आजार झाला आहे, त्यांच्यासाठी थोडं. अंडाशयाच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये प्रत्येक रुग्णाला बीआरसीए तपासणी सुचवायला हवी, घराण्यात कुणाला नसलं तरीही. उपचाराचे दोन खांब म्हणजे सर्जरी आणि केमो. सर्जरीत डोळ्यांना दिसणारा सगळा आजार काढणं हे ध्येय असतं. किती काढलं यापेक्षा किती उरलं हे महत्त्वाचं. म्हणून हे ऑपरेशन स्त्रियांच्या कॅन्सरच्या तज्ज्ञ सर्जनकडेच करा. केमो साधारण दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. आजार फार पसरलेला असेल तर आधी तीन केमो, मग सर्जरी, मग उरलेल्या तीन. बीआरसीए दोष असेल तर त्यानंतर ओलापरिबसारख्या गोळ्या आजार परतण्याचा काळ बराच लांबवतात. पसरलेला आजार पुष्कळ जणींमध्ये परत येतो, हेही खरं आहे. पण परत आला तरी उपचार असतात. मनीषा कोईराला या अभिनेत्रीला 2012 साली पुढच्या टप्प्यात निदान झालं, उपचार झाले, आणि ती आजही काम करते आहे. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. असंही होतं, एवढंच म्हणते.

आणि लहान मुली, तरुण मुली यांच्यातला अंडाशयाचा कॅन्सर बहुधा वेगळ्या प्रकारचा असतो, बीजपेशींचा. तो केमोने फार चांगला बरा होतो, आणि बहुतेक वेळा दुसरं अंडाशय आणि गर्भाशय वाचवता येतं. "आता हिला मूल होणार नाही" असं गृहीत धरू नका.

कुठे जायचं? आमच्या सरोजिनी नगरहून एम्स आणि सफदरजंग जवळच आहेत. एम्सचं डॉ. आंबेडकर रोटरी कॅन्सर हॉस्पिटल आणि हरियाणात झज्जरला राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल, 1941 पासून. सरकारी नोकर असाल तर सीजीएचएस, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. पैशासाठी थांबू नका, आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करा.

शेवटी घरच्या पुरुषांना एक सांगते, कारण हे ऐकणाऱ्यांत तेही असतील. तुमची बायको, आई, वहिनी चार घास खाऊन ताट सारते आणि म्हणते "भूक नाही", ते किती दिवस चाललं आहे, हे तुमच्या लक्षात असू द्या. ती स्वतःहून डॉक्टरकडे जाणार नाही. आधी मुलांची परीक्षा, मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग दिवाळी. पोटाला तारीख कळत नाही. तिच्याबरोबर जा.

काही शंका असतील तर जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की विचारा. काळजी घ्या.